मदत हवी आहे: मेलेनोमा की क्लिअर सेल सार्कोमा? फिश टेस्टचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी लिहितेय. वय २७. डाव्या टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेला (म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या टेंडनला, रक्तवाहिनीला नव्हे) चिकटून वर्षभर एक गाठ होती. दुखत नव्हती, वरची कातडी अगदी स्वच्छ. सुपारीएवढी झाली आणि सँडलचा पट्टा घासायला लागला तेव्हा दाखवली. गावातल्या सर्जननी पाण्याची गाठ समजून एमआरआय न करताच काढली. ते मनातून जात नाही, पण आता पुढचं बघायचंय.

बायोप्सीत 'मॅलिग्नंट मेलेनोमा' आलं, म्हणजे मेलॅनिन हा रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, जो बहुधा कातडीवर सुरू होतो. पेशींचा प्रकार ओळखायच्या एस-१००, एचएमबी-४५, मेलन-ए या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. त्वचेच्या डॉक्टरांनी टाळूपासून तळव्यापर्यंत, नखं, बोटांच्या बेचक्या, सगळं दुर्बिणीखाली पाहिलं. डोळ्यांचा पडदाही तपासून झाला. संशय यावा असा एकही तीळ नाही. पेट स्कॅनमध्ये ऑपरेशनची जागा सोडून काही दिसत नाही.

मग त्याच स्लाइड्स पुण्यात दुसऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवल्या. त्यांनी मलाही मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. फिकट पेशींचे छोटे छोटे पुंजके, आणि मधून तंतूंचे बारीक पडदे. म्हणाल्या, तरुण वय, घोट्याजवळची जागा, शिरेला चिकटलेली खोल गाठ, कातडीशी संबंध नाही. हा क्लिअर सेल सार्कोमा (टेंडनसारख्या मऊ भागांत होणारा एक दुर्मीळ कॅन्सर) असू शकतो. या पेशीसुद्धा मेलॅनिन बनवतात, म्हणून वरच्या तिन्ही तपासण्या दोन्ही आजारांत सारख्याच येतात. फरक जनुकात. सार्कोमात बहुधा १२ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ईडब्ल्यूएसआर१ आणि एटीएफ१ ही जनुकं जोडली जातात. मेलेनोमात हे होत नाही. त्यासाठी त्यांनी फिश टेस्ट (जनुकं तुटून अशी अदलाबदल झालीय का ते बघणारी) सांगितलीय, सोबत बीरॅफ या जनुकाची तपासणी. बीरॅफचा बदल निघाला तर पारडं मेलेनोमाकडे झुकेल. नाही निघाला तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण तो सगळ्या मेलेनोमांत नसतो.

मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशन दोन्हींत आहे, पण त्यानंतरची औषधं वेगळी. मेलेनोमाची इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) सुरू करायची तारीखही मिळालीय. आई रोज विचारते, "अगं, नाव बदलून काय होणार? कॅन्सर तो कॅन्सरच ना?" तिला समजावता समजावता माझाच धीर सुटतो.

आता प्रश्न. गाठीचा तुकडा ज्यात बसवून ठेवलाय तो मेणाचा ब्लॉक पहिल्या लॅबकडेच आहे. तो मागताना डॉक्टरांचं पत्र लागतं का, की पेशंटच्या सहीच्या अर्जावर देतात? एकच ब्लॉक आहे आणि त्यातून बरेच काप आधीच घेतलेत. फिश आणि बीरॅफ दोन्हींना पुरेल का? परळला टाटामध्ये स्लाइड-ब्लॉक रिव्ह्यूला ज्यांनी दिलेत, त्यांना रिपोर्ट किती दिवसांत मिळाला? पेशंटला सोबत न्यावंच लागतं का? टाके अजून ओले आहेत, एवढा प्रवास तिला झेपणार नाही.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: फिशचा रिपोर्ट येईपर्यंत इम्युनोथेरपी थांबवायची का, हे तुम्ही तुमच्या डॉक्टरांना कसं विचारलंत? आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. इथे कुणी पॅथॉलॉजिस्ट किंवा ऑन्कोलॉजिस्ट असतील तर कृपया लिहा. पहिला डोस पुढच्या गुरुवारी आहे.