मदत हवी आहे : दुपारी तीन ते सात काय करू? (फोंडा तालुका, गोवा)

कुळागरातली

नमस्कार मंडळी,

मार्चअखेर बँकेतून निवृत्त झाले. पहिले काही दिवस कपाटं आवरण्यात गेले, एप्रिल पाहुण्यांत गेला. आता मे लागल्यावर लक्षात येतंय की सकाळ कशीही निघून जाते, पण दुपारी तीन ते सात हा वेळ खायला उठतो. यजमानांचं फोंड्याच्या बाजारात दुकान, ते आठच्या आत येत नाहीत. मुलगा पुण्यात. घरी सासूबाई आहेत, वय पंच्याऐंशी, पण हिंडत्याफिरत्या. त्यांच्या मालिका लागल्या की त्यांना माझी गरज नसते, उलट मी मध्ये बोलले तर राग येतो.

‘वाचन करा, योगा करा, बागकाम करा’ हे सगळ्यांनी सांगून झालंय. वाचते मी. पण चार तास वाचून डोळे दुखतात. बागेचं म्हणाल तर घरामागे कुळागर आहे : माड, पोफळी, मिरी, केळी, थोडे जुने आंबे. त्याला पाणी सोडणं, नारळ पाडणाऱ्या पाडेलीला फोन करकरून बोलावणं, सुपारी वाळत घालणं हे मी लग्न होऊन आल्यापासून करतेय. ते घरचं काम झालं.

माझ्या अडचणी आधीच सांगते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे डोंगर चढणं नाही. स्कूटर चालवते, पण अंधार पडल्यावर नको वाटतं. जून ते सप्टेंबर बाहेरचं काही ठरवलं तरी पाऊस ठरवू देत नाही, तेव्हा वर्षातले चार महिने घरात बसूनही चालेल असं काही हवं. रांधपाशी संबंध असलेलं काहीही सुचवू नका, चाळीस वर्षं तेच केलंय. आणि विकण्याजोगं नको. लोकरीचं एक टोपडं विणलं की कुणीतरी म्हणतंच, “ऑर्डरी घ्यायला लाग गे!” मला कसल्याही ऑर्डरी घ्यायच्या नाहीत.

मनात तीन गोष्टी आहेत. पेटी शिकायची लहानपणापासून इच्छा होती, पण साठाव्या वर्षी बोटं वळतील का? दुसरं, पक्षी. सकाळी मागच्या दारी इतके आवाज येतात आणि मला कावळा, खंड्या आणि भारद्वाज सोडून एकही ओळखता येत नाही. तिसरं, मोडी लिपी. अक्षर चांगलं आहे म्हणून वाटतं, बाकी कारण काही नाही.

यातलं काय धरावं? की चौथंच काही आहे? गोव्यातल्या लोकांनी जरूर लिहा. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी ‘जवळच्या क्लासला जा’ म्हणणं सोपं आहे, इथे जवळचा क्लास म्हणजे दोन कदंबा बस बदलणं असू शकतं.

करमळीचा बगळा

पक्षी! डोळे मिटून पक्षी धरा.

दुर्बीण घेताना ८×४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×५० गळ्यात मारू बघतील, कारण आकडा मोठा. पण ती जड असते आणि हात थरथरला की पक्षीही थरथरतो. फोनवर मर्लिन नावाचं फुकट ॲप मिळतं, कॉर्नेल विद्यापीठाचं. ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. मागच्या दारी फोन धरून उभ्या राहा, पहिल्याच सकाळी यादी होईल. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका मात्र, पक्षी दिसेपर्यंत नाव कच्चं समजायचं.

कुळागरात बसल्याबसल्या तांबट, हळद्या, सुभग, नशीब असेल तर राखी धनेशही. पिवळं अंग, काळं डोकं आणि गळ्याशी लालभडक डाग असलेला बुलबुल दिसला तर तो आपला राज्यपक्षी. दिवाळीनंतर करमळीच्या तळ्यावर या. रस्त्याच्या कडेलाच आहे, गुडघ्यांना काही त्रास नाही. अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी. चोडणचं सलीम अली अभयारण्य रायबंदरहून फेरीने पलीकडे गेलं की लगेच. २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं कुडचड्याचं नंदा तळं तुम्हाला लांब पडेल, पण एखाद्या रविवारी यजमानांना घेऊन जा.

कुळागरातली

बगळेभाऊ, छान लिहिलंत, पण पक्षी दुपारी तीनला काय करतात?

करमळीचा बगळा

झोपतात. :) साडेचारनंतर परत हलायला लागतात. मान्य, तुमची वेळ जरा अडचणीची आहे. आणि पावसात दुर्बिणीच्या भिंगांना बुरशी धरते, ती हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी लागते हेही सांगून टाकतो.

जुना दफ्तरदार

मोडीबद्दल. मी शिकलोय, म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

लिपी ओळखायला वेळ लागत नाही. तुमच्या वयाची, नेमाने बसणारी व्यक्ती पावसाळ्यात अक्षरं बसवेल. ओळभर शिरोरेघ आधी ओढायची आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं तिला टांगत जायची, हे करताना फार मजा येते. ह्रस्व-दीर्घाची कटकट नाही. चार महिने घरात बसून करण्याजोगं, खर्च फक्त कागद आणि बोरूचा.

पण लिपी येणं आणि कागद वाचता येणं यांत मोठं अंतर आहे. जुन्या कागदात शब्द सुटे लिहिलेले नसतात, संक्षेप भरपूर, फारसी शब्द पावलोपावली, आणि कारकुनाचं अक्षर घाईचं. आपल्याकडे पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज कागदांबरोबर मोडीतलेही आहेत, दफ्तराची सुरुवात थेट १५९५ पर्यंत मागे जाते. पण तिथवर पोचायला वर्षं लागतात आणि ते एकट्याने करायचं काम आहे. दिवसभर घरात कुणी बोलायला नाही म्हणून छंद शोधताय आणि शोधलात तो मान खाली घालून एकटीने बसायचा, असं नको व्हायला.

म्हणून एक विचारतो, राग मानू नका. तुम्हाला छंद हवाय की घराबाहेर पडायला कारण हवंय? दोन्हींची उत्तरं वेगळी असतात.

कुळागरातली

राग कसला. बँकेत पस्तीस वर्षं काउंटरपलीकडे माणसं होती. भांडायची, पासबुकं विसरायची, पण होती. तेव्हा हो, घराबाहेर पडायला कारण हवंय. पण नुसत्या गप्पा नकोत. भिशीला जाऊन आले. तिथे सुनांची चर्चा आणि दागिन्यांची. मला सून यायची आहे अजून, त्यामुळे बोलायला विषयच नव्हता.

सांखळीचो बाब

मग घुमट शिका!! हसू नका. चवथीच्या आरत्यांना बायकांची पथकं आता गावोगावी आहेत, स्पर्धाही होतात. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हापासून जोर वाढलाय. मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत नाद बदलायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, त्यावर कायद्याने बंदी आहे, आता बकऱ्याचं असतं. सोबत काठ्यांनी वाजवायचा शामेळ आणि कांसाळें म्हणजे झांजा. एकदा सुंवारी, म्हणजे घुमटाचं सामूहिक वादन, अंगात भिनली की गुडघेबिडघे विसराल.

कुळागरातली

बाब, आमच्या वाड्यावर आरत्या पुरुषच म्हणतात. मी घुमट घेऊन बसले तर सासूबाई मालिका बंद करून मलाच बघत बसतील. पण कल्पना वाईट नाही.

पेटीमास्तर नव्हे

उशिरा आलो. ताई, तुम्ही स्वतःच पहिल्यांदा पेटीचं नाव घेतलंत आणि सगळे ते सोडून बाकीचं सुचवतायत, याची गंमत वाटली.

बोटं वळतील का? वळतील. मैफलीत एकल वादन करण्याइतकी नाही, पण भजनाला, आरतीला, नात्यातल्या पोराच्या गाण्याला साथ करण्याइतकी नक्की. दाबायच्या पट्ट्या आहेत, सूर आधीच लावलेला असतो. सतार-व्हायोलिनसारखा सूर शोधत बसावा लागत नाही, उतारवयात सुरू करणाऱ्यासाठी हा मोठा फायदा. याच कारणासाठी शास्त्रीय मंडळी पेटीला नाकं मुरडत आली : मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, नाहीत. आकाशवाणीने १९४० पासून तिच्यावर बंदी घातली होती, ती १९७१ साली काही अंशी उठली. तोवर गोव्यात देवळादेवळांतून पेटी वाजतच होती. पेटीवादक पं. तुळशीदास बोरकर तुमच्या शेजारच्या बोरीचेच.

आता मुद्द्याचं. आमच्या भागात बायकांची भजनी मंडळं उदंड आहेत. गळे आहेत, टाळ आहेत, पखवाज-तबल्याला एखादा पोरगा मिळतो. पेटीला कुणी नसतं. बाहेरून माणूस आणावा लागतो, त्याची बिदागी, त्याच्या वेळा. तुम्ही साधे अभंग धरण्याइतक्या तयार झालात की मंडळं तुम्हाला शोधत येतील. दफ्तरदारांनी विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे असं मला वाटतं : तुम्ही नाही गेलात तर पलीकडे कुणाचं तरी अडेल. बँकेत तसंच होतं ना?

खरेदीची घाई करू नका. आधी कुणाची तरी जुनी मागून आणा, बऱ्याच घरांत पलंगाखाली पडलेली असते. घ्यायचीच झाली तर डबल रीड, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन रीड असलेली, पुरे. भाता दाबून हवा भरा आणि पट्टी न दाबता ऐका, फुसफुस येत असेल तर नको. पावसात आपल्या हवेला लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. रोज वाजणाऱ्या पेटीला हा त्रास कमी होतो, गुंडाळून ठेवलेलीला जास्त.

शिकायला फोंड्यात राजीव गांधी कला मंदिरात चौकशी करा, कुणाचे वर्ग कधी असतात ते तिथे नक्की कळेल. कांपालच्या कला अकादमीत संगीताचं शिक्षण आहे, पण तुम्हाला रोजचं पणजी झेपणार नाही. मास्तर निवडताना एकच बघा : पहिल्या दिवसापासून गाणी वाजवायला लावणारा नको. सारेग, रेगम असे पलटे महिना-दोन महिने घोटून घेणारा हवा. कंटाळा येतो. तो येऊ द्यायचा. आणि परीक्षा द्यायच्या की नाही हे आत्ताच ठरवून मास्तरांना सांगा, नाहीतर ते तुम्हाला दहा वर्षांच्या मुलांबरोबर प्रारंभिकला बसवतील.

कुळागरातली

हे वाचून दोनदा चहा केला. भावजींच्या घरी माळ्यावर पेटी आहे, उंदरांनी भाता खाल्ला नसेल तर आणते. गळा नाही म्हणून भजनी मंडळात मागे बसून टाळ वाजवत होते, पेटीचा असा विचार केलाच नव्हता. परीक्षा नाही. पन्नास परीक्षा दिल्या बँकेत बढतीसाठी.

कलमी

धागा संपायच्या आत माझं एक घालतो. पेटी चालू द्या, ती आठवड्यातले दोन दिवस खाईल. बाकीच्या दुपारी?

तुम्ही ‘थोडे जुने आंबे’ असं लिहून पुढे गेलात. कसले आंबे ते माहीत आहे का? मानकुराद सगळ्यांना हवा, २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, त्याची कलमं रोपवाटिकांतून सहज मिळतात. पण जुन्या कुळागरांत मुसराद, फेर्नांदीन, हिलारियो, मालजेस आणि नाव हरवलेली कितीतरी झाडं उभी आहेत. एक वादळ आलं की गेली. कोय लावून उपयोग नाही, आंबा कोयीपासून आईसारखा येईलच असं नाही. कलमच बांधावं लागतं, आणि ते बसून, सावलीत, चाकू आणि प्लास्टिकच्या पट्टीने करायचं काम आहे. गुडघ्यांचा संबंध नाही. वेळही नेमकी आपल्या पावसाची, कारण हवेत ओल असली तरच कलम जीव धरतं. आणि विकायचं नसेल तर वाटा.

कुळागरातली

अगोबाई. सासूबाईंना विचारलं आत्ताच. मालिका थांबवून बोलल्या! विहिरीकडचा मुसराद, त्याचं मांगाड करायचे. गोठ्यामागच्याला त्या ‘साखरी’ म्हणतात, ते त्यांच्या सासऱ्यांनी ठेवलेलं नाव असावं, कारण मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. तो आता एक वर्षाआड धरतो आणि अर्धा पोकळ झालाय.

कलमीभाऊ, मला अगदी पहिलीतल्या मुलीला सांगतात तसं सांगा. आत्ता काय करू?

कलमी

साखरीपासूनच सुरुवात करा, पोकळ झाड वाट बघत नाही.

आत्ता मे आहे, घरात आंबे खाताय, तर कोयी फेकू नका. कुठल्याही रायवळ आंब्याच्या चालतील. धुऊन ताज्याच मातीत किंवा वाळूत लावा, महिनाभर वाळवलेली कोय रुजत नाही. जूनमध्ये कोंब येतील, तांबूस पानांचे. तोच खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते रोप. तो कोवळा असतानाच बांधायचं.

कलमाची काडी साखरीच्या शेंड्याची. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार महिन्यांची, डोळा (शेंड्याचा कोंब) फुगलेला पण फुटलेला नाही अशी. कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटायची, म्हणजे डोळा भरतो. मग खुंट वितीच्या आत छाटून मधोमध चीर, काडीला दोन्ही बाजूंनी तिरकी पाचर, आत बसवून पट्टीने घट्ट बांधायचं, वरून प्लास्टिकची अरुंद पिशवी. तीनेक आठवड्यांत फूट दिसली तर जगलं.

पहिल्या खेपेला बरीच मरतात, म्हणून कोयी ढीगभर लावा. कधी प्रत्यक्ष कलम बांधताना बघायचं असेल तर जुन्या गोव्याच्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा, आंबा-काजूच्या कलमांचं काम तिथे चालतं.

कुळागरातली

काडी शेंड्यावरून काढायची म्हणजे झाडावर चढायचं. पाडेली माडावर चढतो, आंब्यावर चढायला मागेल का?

कलमी

मागणार नाही. लांब बांबूला कोयता बांधा, किंवा खालच्या फांदीचा ऊन लागणारा शेंडा घ्या, तोही चालतो.