मदत हवी आहे: घरी बिअर बनवणाऱ्यांचा गट सुरू करायचाय

नमस्कार मंडळी. आमच्या भागात घरी बिअर बनवणारे मोजकेच आहोत, सगळे एकेकटे. महिन्यातून एकदा भेटायचं ठरतंय. नियम-कायदे पाहून झालेत, तो प्रश्न नाही.

अडचण आहे ती चाखण्याची. आपल्याच बिअरचे दोष आपल्याला कळत नाहीत, आणि फुकटची पिणारे मित्र “मस्त!” म्हणून मोकळे होतात. लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल, हिरव्या सफरचंदाचा म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड, उकडलेल्या मक्याचा म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड), ही दोष आणणारी रसायनं पाठ आहेत. पण नाकाला सवय कशी लावायची? बीजेसीपीची (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) 50 गुणांची पत्रिका (चवीला 20, गंधाला 12) पहिल्याच भेटीत काढावी का? नवख्याला 50 पैकी 19 मिळाले तर तो परत फिरकणार नाही, अशी मला धास्ती.

दुसरा विचार: एकच वर्ट (मोड आणलेल्या धान्याचा, अजून न आंबवलेला गोड रस) वाटून घ्यायचं, प्रत्येकाने वेगळं यीस्ट घालायचं आणि पुढच्या भेटीत तुलना करायची. कोणी केलंय का हे? उरलेलं किरकोळ: माल्ट-हॉप्स (बिअरचा कच्चा माल) एकत्र मागवायचे तर पैसे आधी गोळा करावेत की नंतर? आणि गाडी चालवत येणाऱ्यांसाठी चाखण्याचं माप किती ठेवता?