मदत हवी आहे: राउटर बदलल्यापासून वाचनालयाचे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी जोडले जात नाहीत, नेटस्टॅटमध्ये 'सिन सेंट' दिसतंय

पानापानांत:

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं कॉम्प्युटरचं काम मी बघते. शिक्षण कॉमर्सचं, नोकरी सांभाळून संध्याकाळी तिथे जाते. नेटवर्कमधलं जे कळतं ते काम करता करता शिकलेलं आहे, तेव्हा उत्तर जरा सोपं करून द्यावं ही विनंती.

वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्ही विंडोज १० चे. आतल्या खोलीतला मुख्य. पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव, वर्गणी सगळं त्यावर माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे. दुसरा बाहेर काउंटरवर. त्यावर फक्त देवघेवीचा प्रोग्राम, माहिती तो आतल्या कॉम्प्युटरमधून घेतो. दोन्ही राउटरला केबलने जोडलेत, कारण इमारत जुनी, चिऱ्याच्या जाड भिंती, वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोचतच नाही.

पावसाच्या सुरुवातीला जोरात वीज कडाडली आणि राउटर जळला. नवीन आणून बसवला. इंटरनेट दोन्ही कॉम्प्युटरवर छान चालतंय. पण काउंटरवरचा प्रोग्राम उघडला की वीसेक सेकंद तसाच थांबतो आणि मग 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' म्हणतो. सध्या देवघेव वहीत लिहून घेतोय. पाऊस लागला की आमच्याकडे वाचक वाढतात, म्हातारी माणसं छत्री सांभाळत पुस्तक बदलायला येतात आणि 'अमुक पुस्तक कोणाकडे आहे' हे त्यांना सांगता येत नाही. फार वाईट वाटतं.

कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट (कॉम्प्युटरची चालू कनेक्शन दाखवणारी कमांड), स्पेस, डॅश, ए-एन-ओ असं टाइप करून दोन्हीकडे पाहिलं. मुख्य कॉम्प्युटरवरच्या काही ओळी:

टीसीपी ०.०.०.०:१३५ ०.०.०.०:० लिसनिंग ९८८
टीसीपी ०.०.०.०:४४५ ०.०.०.०:० लिसनिंग ४
टीसीपी ०.०.०.०:३३०६ ०.०.०.०:० लिसनिंग ३१२४
टीसीपी ०.०.०.०:३३८९ ०.०.०.०:० लिसनिंग १२९६

याखाली ४४३ वाल्या बऱ्याच 'एस्टॅब्लिश्ड' ओळी आहेत, त्यातले बाहेरचे पत्ते माझ्या ओळखीचे नाहीत.

काउंटरवर, प्रोग्राम अडकलेला असताना:

टीसीपी १९२.१६८.०.१०३:५०२१७ १९२.१६८.१.५:३३०६ सिन_सेंट ५५८०

माझे प्रश्न: सिन सेंट म्हणजे नक्की काय? दोष कुठल्या कॉम्प्युटरमध्ये आहे? आणि ते अनोळखी पत्ते पाहून धास्ती वाटते, सभासदांचे फोन नंबर, पत्ते सगळे त्या कॉम्प्युटरवर आहेत. कोणी आत शिरलं तर नाही ना?

---

खाजन:

ताई, माहिती इतकी व्यवस्थित दिलीत की अर्धं काम तिथेच झालं. प्रोग्राम अडकलेला असतानाच नेटस्टॅट चालवलात हे उत्तम, नंतर चालवलं असतं तर ती ओळ गायब झाली असती.

आधी ओळ कशी वाचायची ते. पहिला पत्ता आपल्या कॉम्प्युटरचा, दुसरा समोरच्याचा, मग अवस्था, शेवटचा आकडा म्हणजे ते कनेक्शन धरून बसलेल्या प्रोग्रामचा नंबर. विसर्गानंतर येतो तो पोर्ट, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या एकेका सेवेचं दार. १९८३ साली ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ही कमांड आली, आणि तक्त्याची मांडणी आजही साधारण तीच आहे.

मुख्य कॉम्प्युटरवर ३३०६ 'लिसनिंग' आहे, म्हणजे माय-एसक्यूएल चालू आहे आणि वाट बघतोय. त्याच्या आधी ०.०.०.० आहे हेही चांगलं, कुठल्याही केबलवरून आलेली विनंती तो घ्यायला तयार आहे. तिथे १२७.०.०.१ असतं तर तो फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामशी बोलला असता आणि काउंटरला कधीच उत्तर मिळालं नसतं. थोडक्यात, डेटाबेस ठीक.

आता सिन सेंट. कनेक्शन सुरू करताना पहिलं पाकीट जातं त्याला सिन म्हणतात. समोरून होकार आला की पुढे एस्टॅब्लिश्ड होतं. तुमच्याकडे दारावरची बेल वाजवली आहे आणि आतून कोणी बोलतच नाही. विंडोज थांबून थांबून तेच पाकीट पुन्हा पाठवतो, त्यात वीस-एकवीस सेकंद जातात, आणि मग नाद सोडतो. तुमचे ते 'वीसेक सेकंद' हेच.

हा वेळ नीट लक्षात ठेवा, निदान त्यावरच आहे. समोरचा कॉम्प्युटर सापडला पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नसेल, तर तो लगेच नकार पाठवतो आणि एरर एक-दोन सेकंदांत येतो. शांतता पसरते ती दोन कारणांनी: पत्ता चुकलाय, किंवा मध्ये फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी सुरक्षा) पाकीट गिळतेय.

तुमच्या ओळीतच पहिलं कारण दिसतंय. काउंटरचा पत्ता १९२.१६८.०.१०३, आणि तो शोधतोय १९२.१६८.१.५ ला. तिसरा आकडा वेगळा. जुना राउटर '१' वाली मालिका वाटत होता, नवा '०' वाली वाटतो. मुख्य कॉम्प्युटरवर आयपी-कॉन्फिग ही कमांड चालवा आणि आयपीव्ही-४ समोर काय येतंय ते सांगा.

---

लालमाती:

दोन्हीकडची फायरवॉल बंद करून बघा. माझ्या दुकानात असंच झालं होतं, बंद केली आणि सुरू झालं.

---

खाजन:

@लालमाती, दोन मिनिटं तपासायला बंद करणं वेगळं, पण बंदच ठेवणं मला पटत नाही. मुख्य कॉम्प्युटरवर ४४५ (फाइल शेअरिंगचा) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा) हे पोर्ट उघडे आहेत. वाचनालयाच्या वायफायवर येणारा प्रत्येक मोबाइल मग त्यांच्यापर्यंत पोचेल. सभासदांची माहिती असलेल्या कॉम्प्युटरवर ही जोखीम नको. कुठला नियम अडवतोय ते शोधू आणि तेवढाच मोकळा करू.

---

पानापानांत:

मुख्य कॉम्प्युटरचा पत्ता आता १९२.१६८.०.१०१ आहे! काउंटरच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जुना १९२.१६८.१.५ होता, तो बदलून १०१ केला. तरी तेच. आता ओळ अशी येते:

टीसीपी १९२.१६८.०.१०३:५०२६४ १९२.१६८.०.१०१:३३०६ सिन_सेंट ६०१२

पिंग (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते बघायची कमांड) करून पाहिलं, तेही 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. केबल तपासली, राउटरवरचा दिवा लागतोय.

---

खाजन:

पत्ता आता बरोबर आहे, तरी शांतता. म्हणजे दुसरं कारणही हजर आहे, फायरवॉल. आणि हेही राउटर बदलल्यामुळेच झालं असणार.

विंडोज नेटवर्क ओळखतो ते मुख्यतः राउटरवरून. नवा राउटर दिसला की त्याच्या लेखी तुम्ही नव्या जागी गेलात, आणि नव्या जागेला तो आपणहून 'पब्लिक' ठरवतो, बसस्टँडवरच्या वायफायसारखं. पब्लिकमध्ये फायरवॉल कडक असते, पिंगलासुद्धा उत्तर देत नाही. प्रोग्राम बसवणाऱ्याने ३३०६ चा नियम बहुतेक फक्त 'प्रायव्हेट'साठी केला असेल.

मुख्य कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथे जोडणीवर क्लिक करा. 'नेटवर्क प्रोफाइल' खाली पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. फायरवॉल चालूच ठेवा.

---

पानापानांत:

खरंच पब्लिक होतं. प्रायव्हेट केलं. आता थांबणं गेलं, पण एरर वेगळा आणि झटकन येतो: 'होस्ट १९२.१६८.०.१०३ ला या माय-एसक्यूएल सर्व्हरशी जोडायची परवानगी नाही' अशा अर्थाचा. मुख्य कॉम्प्युटरवर नेटस्टॅटमध्ये अशी ओळ येते आणि थोड्या वेळाने जाते:

टीसीपी १९२.१६८.०.१०१:३३०६ १९२.१६८.०.१०३:५०३११ टाइम_वेट ०

प्रोग्राम नंबर शून्य कसा?

---

सांजवेळ:

मी पणजीत एका कार्यालयाचं नेटवर्क सांभाळतो, हा प्रकार ओळखीचा आहे, म्हणून लिहितो.

टाइम वेट ही तक्रार नाही. कनेक्शन झालं आणि रीतसर बंदही झालं, आता उशिरा आलेलं एखादं पाकीट दुसऱ्या कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून विंडोज ती जोडी थोडा वेळ राखून ठेवतो. प्रोग्रामचा त्याच्याशी संबंध संपलेला असतो, म्हणून शून्य. आणि टाइम वेट ज्याने आधी बंद केलं त्याच्याकडे राहतं. तुमच्याकडे ते मुख्य कॉम्प्युटरवर आहे, म्हणजे माय-एसक्यूएलनेच दार उघडून पत्ता पाहिला आणि नाही म्हटलं. नेटवर्क सुटलं, आता प्रश्न परवान्याचा.

प्रोग्राम बसवणाऱ्याने डेटाबेसमध्ये '१९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्यांनाच प्रवेश' असं लिहून ठेवलेलं दिसतं. चांगलीच काळजी घेतली होती त्याने. आता तुम्ही डेटाबेसमधला परवाना बदला, प्रोग्राममधला पत्ता बदला, आणि उद्या पुन्हा लाईट जाऊन आली आणि राउटरने १०१ ऐवजी १०४ दिला की पुन्हा शोधाशोध करा. त्यापेक्षा माझं स्पष्ट मत: नव्या राउटरलाच जुन्या मालिकेवर आणा. बाकी काहीही बदलायला नको.

राउटरच्या पानावर लॅन (आतल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल, तो १९२.१६८.१.१ करा. मग डीएचसीपीमध्ये (राउटर पत्ते वाटतो ती सोय) 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा, मुख्य कॉम्प्युटरच्या मॅक पत्त्यासमोर १९२.१६८.१.५ लिहा. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, तो आयपी-कॉन्फिग, स्लॅश, ऑल मध्ये 'फिजिकल ॲड्रेस' म्हणून मिळतो. मग तो कॉम्प्युटर कितीही वेळा बंद-चालू झाला तरी ५ च राहील.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की पाहा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता काय आहे? कंपनीच्या फायबरच्या डब्याने राउटरला १९२.१६८.१ मधलाच पत्ता दिला असेल तर दोन्ही बाजूंना एकच मालिका होईल आणि इंटरनेट बंद पडेल. तसं असेल तर थांबा, आधी इथे सांगा.

---

पानापानांत:

वॅनचा पत्ता १०० ने सुरू होतो, पुढे ७२ आहे. चालेल?

---

सांजवेळ:

चालेल. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांनी आपल्या आत, अनेक ग्राहकांमध्ये वाटून वापरायचे म्हणून राखीव आहेत. बाहेरच्या जगातून तुमच्या राउटरपर्यंत या पत्त्याने थेट कोणी येऊ शकत नाही. तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या धास्तीवरही हा थोडा उतारा आहे.

काउंटर बंद असेल तेव्हाच करा. पत्ता बदलला की राउटरचं पान अडकेल, घाबरू नका, नव्या पत्त्याने उघडा. दोन्ही कॉम्प्युटरवर केबल काढून लावा आणि नेटवर्क पुन्हा पब्लिक झालंय का तेवढं बघा.

---

पानापानांत:

झालं! काउंटरच्या प्रोग्राममध्ये जुना पत्ता परत टाकला आणि पहिल्याच क्लिकला यादी उघडली. मुख्य कॉम्प्युटरवर:

टीसीपी १९२.१६८.१.५:३३०६ १९२.१६८.१.१००:५१०४४ एस्टॅब्लिश्ड ३१२४

वहीतल्या नोंदी चढवायला घेतल्यात. खाजन, सांजवेळ, देव बरें करूं. इतक्या शांतपणे समजावून सांगितलंत की आता तो तक्ता वाचताना भीती वाटत नाही.

राहिलं ते ४४३ वाल्या ओळींचं आणि ३३८९ चं. तेवढं सांगाल?

---

लालमाती:

मध्येच विचारतो, माझ्या दुकानात उबुंटू (लिनक्स) आहे, तिथे नेटस्टॅट 'सापडत नाही' म्हणतो.

---

खाजन:

@लालमाती, लिनक्सवर हल्ली नेटस्टॅट आपोआप येत नाही, त्याच्या जागी 'एस-एस' आहे. डॅश, टी-यू-एल-पी-एन लावून चालवा, आणि कमांडच्या सुरुवातीला सुडो लिहा. ऐकणारे पोर्ट आणि प्रोग्रामची नावं मिळतील.

ताई, ४४३ म्हणजे सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट. ब्राउझर, विंडोज अपडेट, अँटिव्हायरस सगळे तिथूनच बोलतात, एका पानासाठीही अनेक ओळी दिसतात. पत्त्यावरून काही कळत नाही, कोण बोलतंय ते पाहा. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि ए-एन-ओ च्या जागी ए-एन-ओ-बी लावा, प्रत्येक ओळीखाली प्रोग्रामचं नाव येईल. जरा वेळ लागतो. ब्राउझर बंद करून चालवलंत तर यादी छोटी होईल आणि उरलेली नावं निवांत तपासता येतील. न ओळखीचं नाव आलं तर इथे टाका.

३३८९ ची बाब मात्र मनावर घ्या. तो रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, दुसरीकडे बसून हा कॉम्प्युटर चालवायची सोय. टास्कलिस्ट, स्लॅश, एस-व्ही-सी चालवून १२९६ समोर बघा, 'टर्मसर्व्हिस' असेल. प्रोग्राम बसवणाऱ्याने दुरुस्तीसाठी कधीतरी चालू केलं असेल, त्याला फोन करून विचारा. बाहेरून थेट कोणी येणार नाही हे सांजवेळ म्हणाले ते खरं, पण वाचनालयाच्या वायफायवरून येता येईल. त्याला गरज नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथून बंद करा. मग नेटस्टॅट, डॅश, ए-एन-ओ, उभी रेघ, फाइंड-एस-टी-आर, ३३८९ असं चालवा. ३३८९ ची लिसनिंग ओळ आली नाही म्हणजे बंद झालं.