वनहक्काच्या सनदा दिल्या तर गोव्यातलं जंगल राहील का?

फोंडेकर:
२०२३ मध्ये हायकोर्टाने म्हादई अभयारण्याच्या रानाचा व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं, आणि त्याच निकालात वनहक्काचे दावे, म्हणजे रानात आधीपासून राहणाऱ्या-कसणाऱ्यांनी जमिनीच्या कागदासाठी केलेले अर्ज, १२ महिन्यांत निकालात काढा असंही. हवामान बदल रोखायला रान राखायला हवं हे पटतं. पण सत्तरी-सांगे तालुक्यांत जमिनी लोकांच्या नावावर केल्या तर रान उरेल का? भांडायला नाही, समजून घ्यायला विचारतोय.

सत्तरीची_बाय:
बाब, मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानाला आगी लागल्या, हेलिकॉप्टरं आली ती सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, पण चढावर बंब पोचत नाही तिथे गावचेच लोक हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. काजूच्या आधी पाचोळा ओढून पट्टा साफ करतात तेही हेच लोक, आणि यांच्याकडेच जमिनीचा कागद नाही. उद्या अतिक्रमण म्हणून नोटीस येईल या धास्तीने माणूस ताबा दिसावा म्हणून जिथे तिथे काजूच लावतो. बांबरला निरंकाराची राई बघून ये एकदा. दलदलीत रानजायफळाची झाडं, मुळं गुडघ्यासारखी वर आलेली. ती देवाच्या नावाने गावानेच राखली ना.

रानवाट:
राई ठीक, पण काजूखालची साफसफाई करतानाही आगी लागतात हे बोला की. २०२० मध्ये सत्तरीतच गोळावलीला चार वाघ विषाने मेले ते पण विसरू नका. सनद मिळाली की अजून डोंगर साफ होणार.

काणकोणकर:
काळजी बरोबर आहे, पण वनहक्क कायद्यात तसं नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेली जमीनच मिळते, ती पण जास्तीत जास्त ४ हेक्टर, आणि विकता येत नाही. नवी तोड यात बसतच नाही. आपलं खरं चुकतंय ते वेगळंच, सगळा जोर वैयक्तिक दाव्यांवर. सामूहिक हक्क घेतला तर अख्खं रान राखायचा अधिकार ग्रामसभेला येतो, मग बाहेरचा कोण तोडायला आला तर गाव कायद्याने अडवू शकतो. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्येच मिळाला, १८०० हेक्टरच्या वर, बांबू किती तोडायचा ते गाव ठरवतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०१९ च्या जमिनीवरच्या रिपोर्टातही हक्क पक्के करण्यावर भर आहे. आपल्याकडे गावडा, कुणबी, वेळीप २००३ पासून अनुसूचित जमातीत (एसटी) आहेत, त्यांना पुरावा सोपा. धनगर एसटीत नाहीत, म्हणून त्यांना मात्र तीन पिढ्यांचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, तिथे फार अडतं.

फोंडेकर:
मग सामूहिक दावा घालायचा कसा?

काणकोणकर:
आधी ग्रामसभेने वनहक्क समिती नेमलीय का बघ. कोरमला निम्मे सभासद लागतात, त्यात एक तृतीयांश बायका. काजूच्या दिवसांत सभा ठेवू नका, सगळी माणसं रानात असतात आणि सभा रद्द होते.