आयएसओ वाढवला की फोटो बिघडतो? आणि दोन कॅमेरे ताडायचे कसे?

काजवा (धागा)
आयएसओ म्हणजे फोटो किती उजळ नोंदवायचा, त्याचा कॅमेऱ्यातला आकडा. नवा कॅमेरा घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: "३२०० च्या वर जाऊ नकोस, दाणे येतात." सल्लाच चुकीचा आहे. दाणे (नॉइज) येतात ते प्रकाश कमी पडला म्हणून. अंगणात वाट्या मांडल्या तर पहिल्या चार थेंबांत कुठे दोन पडतील, कुठे एकही नाही. फोटॉनचंही (प्रकाशकणांचंही) तसंच. एका पिक्सेलवर १०,००० जमले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च जमले तर १० चा, म्हणजे १० टक्के. किती जमणार हे लेन्सचं भोक आणि प्रकाश आत येण्याचा वेळ, म्हणजे अ‍ॅपर्चर आणि शटर ठरवतात, आयएसओ नाही.

नाटकाचे फोटो घ्या: एफ २.८ (आकडा लहान तितकं भोक मोठं), १/२५०, आयएसओ ३२००. भीतीपोटी ८०० वर अडून बसलात तर एकतर शटर १/६० वर येतं आणि नटाचे हात हलतात, नाहीतर फोटो २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा) काळा येतो. तो घरी उजळवला की दाणे हजर!

तिपाई
अर्धंच बरोबर. मधली एक पायरी तुम्ही गाळलीत. सेन्सरमधला सिग्नल आधी अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो, मग त्याचे आकडे होतात, आणि आकडे करणारं सर्किट आपली वेगळी खरखर घालतं. सिग्नल आधीच मोठा केलेला असेल तर त्यापुढे ही खरखर किरकोळ ठरते.

कॅनन ६डी किंवा ५डी मार्क ३ वर आयएसओ १०० ला काढून रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल ४ स्टॉप उजळवा. काळ्या शेरवानीत जांभळट पट्टे उमटतात. तेच अ‍ॅपर्चर, तेच शटर ठेवून १६०० ला काढा, पट्टे गायब. म्हणजे इथे आयएसओ वाढवल्याने नॉइज कमी झाला. निकॉन डी७५० वर हाच फरक शोधावा लागतो. कॅननने २०१६ च्या ५डी मार्क ४ मध्ये ते सर्किट सेन्सरच्या चिपवरच आणलं आणि दुखणं बरंच हटलं. सोनी ए७ ३ तर ६४० ला वेगळ्या गेनवर (सिग्नल मोठा करण्याच्या पातळीवर) जातो, त्यामुळे ५०० ला काढून थोडा उजळवण्यापेक्षा सरळ ६४० ला काढलेल्या फोटोतल्या सावल्या स्वच्छ.

आपला कॅमेरा ६डीच्या जातीचा की डी७५० च्या, हे घरी कळतं. स्टँडवर लावा, ऑटो आयएसओ बंद, एफ ४, १/६०, आणि १६०० ला एक्स्पोजर बरोबर येईल इतकाच दिवा. मग फक्त आयएसओ बदला: ८००, ४००, २००, १००. रॉमध्ये अनुक्रमे १, २, ३, ४ स्टॉप उजळवा. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंगांचा समतोल) सगळ्यांना एकच, नॉइज रिडक्शन शून्य. १०० टक्के झूम करून टेबलाखालचा अंधार बघा. उजेडातल्या भिंतीवर काही कळणार नाही.

काजवा
खरखरीचा मुद्दा मान्य. पण यातून आयएसओ वाढवायला घाबरू नका हेच निघतं ना?

रीळवाला
तुम्ही दोघंही १६०० म्हणजे १६०० धरून चाललात. आयएसओ १२२३२ या मानकात २००६ पासून कंपन्यांना दोन सोयीच्या वाटा आहेत. एकीत एसआरजीबी (नेहमीच्या रंगपद्धतीतल्या) जेपेगमध्ये मधला टोन ११८ वर (२५५ पैकी) यावा इतकाच हिशेब. दुसरीत शिफारस म्हणून आकडा कंपनीनेच सांगायचा. रॉ फाइल किती भरली पाहिजे, याच्याशी दोन्हींचा संबंध नाही. एका कंपनीने हायलाइट (फोटोतले सगळ्यात उजळ भाग) वाचवायला रॉ कमी भरली आणि जेपेग उजळवली, तरी वर १६०० लिहायला ती मोकळी.

म्हणून ताडताना आयएसओ सारखा ठेवून बाकी कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकावर (मीटरवर) सोडू नका. दोन्हीकडे एकच अ‍ॅपर्चर, एकच शटर, तोच दिवा. जमल्यास अ‍ॅडॉप्टरने एकच लेन्स, कारण एफ २.८ लिहिलेल्या दोन लेन्समधून प्रकाश सारखाच येतो असं नाही.

फ्युजीवाल्यांनी आणखी एक बघावं. एक्स-टी३ चा बेस (मूळ आयएसओ) १६० आहे, पण डायनॅमिक रेंज ही उजळ भाग वाचवणारी सेटिंग ४०० टक्के ठेवली की ६४० च्या खाली जाता येत नाही. भर उन्हात दाणे का, म्हणून विचारणाऱ्यांनी आधी तो मेनू उघडावा.

वाटाणा
आता कोणीतरी "फुल फ्रेम घ्या, विषय संपवा" म्हणेलच, म्हणून आधीच लिहितो. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, माझ्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचं २२५. जवळपास चौपट, म्हणजे २ स्टॉप, कबूल. पण १५० मिमी एफ २.८ ला मला जेवढा भाग स्पष्ट मिळतो, तेवढा मिळवायला तुम्ही ३०० मिमीला एफ ५.६ लावणार. शटर तेच ठेवायचं तर माझा १६०० तुमचा ६४०० होणार. मग खांदा कशाला मोडून घ्यायचा?

तिपाई
कारण एफ ५.६ लावायचं की २.८, हे मी ठरवतो. रंगमंचावर एकटा नट असेल तर मला मागचा पडदा स्पष्ट नकोच आहे. तिथे तुमचे २ स्टॉप कुठून आणणार?

लिंबूटिंबू
मग कमी मेगापिक्सेलचा घ्यावा का? सोनी ए७एस ३ चे १२ विरुद्ध ए७आर ४ चे ६१.

रीळवाला
दोन्ही फोटो एकाच मापाला आणून बघा, म्हणजे ६१ वाला ४२४० पिक्सेल रुंदीला. प्रकाश तेवढ्याच क्षेत्रफळावर पडलाय, त्यामुळे ६४०० ला फारसा फरक उरत नाही. १००-१०० टक्के झूम करून ताडणं म्हणजे एक पोस्टर हातभरावरून आणि दुसरं भिंगातून बघणं. १२ चा खरा फायदा व्हिडिओत.

लिंबूटिंबू
पण आता दाणे पुसणारं एआय डिनॉइज सॉफ्टवेअर असताना एवढा काथ्याकूट?

तिपाई
चेहऱ्यावर छान चालतं. पैठणीच्या काठावर चालवून बघा. जरीची वीण सपाट पिवळी होते, किंवा तिथे नसलेली नक्षी उगवते. जोर निम्म्यावर आणा आणि आधी काठ तपासा.

आणि रंगमंचावर हॅलोजन असेल तर आधी निळा चॅनेल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळा) बघा. ३२०० केल्विनच्या पिवळ्या उजेडात निळा मुळातच उपाशी असतो. व्हाइट बॅलन्स नीट करताना सॉफ्टवेअर त्यालाच सगळ्यात जास्त ताणतं, आणि सावलीत निळसर डाग उठतात. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याचा आयएसओ ३२०० दिवसा ढगाळ उजेडात चालतो आणि हॅलोजनखाली नकोसा होतो. काजवा, तुमच्या नाटकाच्या उदाहरणात दिवे कुठले होते, ते लिहा. त्याशिवाय आयएसओ ३२०० चांगला की वाईट, सांगता येणार नाही.

काजवा
हॅलोजन धरून चाललो होतो. तुमचा टेबलाखालचा प्रयोग आता त्याच पिवळ्या दिव्याखाली करतो, निळा चॅनेल वेगळा काढून.