'मंकी चँट्स'ला मराठीत काय म्हणाल?

शाईदौत:
२१ मे २०२३ च्या व्हॅलेन्सिया–रेआल माद्रिद या स्पेनमधल्या फुटबॉल सामन्यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर रेआल माद्रिदच्या कृष्णवर्णीय व्हिनिसियसविरुद्ध जे 'मंकी चँट्स' झाले त्यांना मी 'माकडचाळे' लिहिलं. संपादनात त्याचं 'वर्णद्वेषी शेरेबाजी' झालं. दोन्ही पटत नाहीत. पर्याय?

गोलपोस्ट:
माकडचाळे नकोच. वाचकाला वाटेल, चाळे व्हिनिसियसनेच केले. शेरेबाजीला शब्द लागतात. इथे पुष्कळदा शब्दच नसतो. घशातून 'ऊ-ऊ' काढतात, काखा खाजवल्याची नक्कल करतात. 'प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढून हिणवलं' असं सरळ लिहा. 'शेरेबाजी झाली' म्हटलं की करणारा वाक्यातून नाहीसा होतो, आणि या विषयात करणारा दिसलाच पाहिजे.

बोरू:
मेस्तायाला शब्दही होता. स्पॅनिशमध्ये 'मोनो' म्हणजे माकड, 'तोंतो' म्हणजे मूर्ख. दोन्ही ओकारान्त, गर्दीच्या सुरात जवळजवळ सारखे. रेआल माद्रिदचे तेव्हाचे प्रशिक्षक आन्चेलोत्ती म्हणाले, अख्खं स्टेडियम 'मोनो' ओरडत होतं. व्हॅलेन्सियाच्या बाजूने उत्तर आलं, बहुतेक जण 'तोंतो' म्हणत होते. 'अख्खं' नंतर आन्चेलोत्तींनी मागे घेतलं. पण जून २०२४ मध्ये तिघा प्रेक्षकांना ८ महिन्यांची शिक्षा आणि २ वर्षं मैदानबंदी झाली, ती ओरडणं, हावभाव आणि घोषणा या तिन्हींसाठी. अनुवादातही तिन्ही वेगळे ठेवा.

रेघोटी:
मुळात 'वर्णद्वेष' बदला. वर्ण म्हटलं की मराठी माणसाला चातुर्वर्ण्य आठवतं. वंशद्वेष लिहा.

बोरू:
गौरवर्ण, श्यामवर्ण म्हणताना कुणाला चातुर्वर्ण्य आठवतं? दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांनी वर्णद्वेष हा शब्द घरोघरी नेलाय. तो रुळलाय, राहू द्या.

रेघोटी:
रुळला म्हणून नेमका ठरत नाही. माकड म्हणणारा नुसत्या कातडीच्या रंगावर बोलत नसतो, समोरच्याला माणूस मानायलाच नकार देत असतो.

शाईदौत:
चँट्सचं काय ठरलं? लेखात पुढे घरच्या प्रेक्षकांचाही भाग आहे. ११ जुलै २०२१, युरो अंतिम सामना: पेनल्टी हुकल्यावर इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या कृष्णवर्णीय खेळाडूंना समाजमाध्यमांवर शिव्या, इंग्लंडच्याही लोकांकडून. त्यांना 'चाहते' लिहू?

गोलपोस्ट:
चाहते नको, पाठीराखेही नको. पाठ राखली कुठे? 'स्वतःच्याच संघाचे प्रेक्षक' म्हणा. 'हुर्यो उडवली'ही टाळा. हुर्यो खराब खेळाची उडते, वंशाची नव्हे. आणि हे फक्त युरोपचं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदरा आणि वानखेडेवर ऑस्ट्रेलियाचा आफ्रो-कॅरिबियन वंशाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्ससमोर हेच माकडाचे आवाज निघाले होते.

रेघोटी:
आणि 'कालू'? २०२० मध्ये वेस्ट इंडीजच्या डॅरन सॅमीने सांगितलं की आयपीएलमध्ये त्याला ही हाक मारायचे. त्याला वाटायचं, याचा अर्थ दणकट घोडा. अर्थ कळल्यावर त्याने जाब विचारला.

बोरू:
त्यातल्या एका सहकाऱ्याने प्रेमाने म्हणत होतो असं कळवलं, हेही सॅमीनेच सांगितलं. आपल्याकडे घरात 'काळ्या' म्हणतातच ना लाडाने?

रेघोटी:
लाड आहे की नाही ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या उरुग्वेच्या फुटबॉलपटू कव्हानीने २०२० मध्ये मित्राला 'नेग्रितो', म्हणजे जवळजवळ 'काळ्या', असं लिहिलं. उरुग्वेत ती लाडाचीच हाक. तरी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ३ सामन्यांची बंदी आणि १ लाख पौंड दंड केला.

बोरू:
चुकीचं उदाहरण. तिथे ऐकणाऱ्याची तक्रारच नव्हती, मित्र होता तो. उरुग्वेच्या भाषा अकादमीनेही त्या शिक्षेचा निषेध केला होता.