विषय: गणपतीची दानपेटी – यंदा मशीन नको

केदार (खजिनदार)

नमस्कार मंडळी,

रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये आपल्या टोरांटोच्या मंडळाची गणपतीची दानपेटी मोजली. चिल्लर धरून 4,312 डॉलर. शिवाय पाचशेची एक जुनी, बंद झालेली नोट. ती कुणी टाकली ते बाप्पालाच ठाऊक. ठरावाप्रमाणे हे पैसे भारतात आरोग्यासाठी जायचे आहेत. एक सूचना डायलिसिस मशीनसाठी हातभार लावायची आहे. दुसरी शुभदाची, ती तिनेच लिहावी. वीस ओळींत लिही गं, मागच्या वेळी लोकांनी म्यूट केलं होतं.

शुभदा

केदार, वीस ओळींत बसणार नाही, आधीच सांगते.

मशीन नको. चार वर्षांपूर्वी आपण एका तालुक्याच्या रुग्णालयाला (नाव घेत नाही) रुग्णांवर लक्ष ठेवणारे मॉनिटर पाठवले. मी गेल्या डिसेंबरात जाऊन आले. एक चालू होता, बाकीचे प्लास्टिकच्या आवरणात, वर आपल्या मंडळाचं स्टिकर अजून चकचकीत. सिस्टर म्हणाल्या, "ताई, वापरायला शिकलेली मुलगी होती ती लग्न होऊन पुण्याला गेली." तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे: पैसा माणूस शिकवण्यावर घालावा.

हे पूर्वी झालेलं आहे, आणि आपल्या शेजारच्या माणसाने केलेलं आहे. विल्यम वानलेस ऑन्टारिओचा. प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर म्हणून तो आपल्याकडे आला, 1894 साली मिरजेला हॉस्पिटल उघडलं, आणि तीनच वर्षांत, 1897 साली, तिथे मेडिकल स्कूल काढलं. म्हणजे हॉस्पिटलचा रंग वाळायच्या आत त्याला कळलं की एकटा सर्जन कितीही मोतीबिंदू काढो, पुरा पडायचा नाही. पुढे 1962 साली मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, त्याच्या मुलांनी सुरुवातीला रुग्ण पाहिले ते या मिशन हॉस्पिटलच्या वॉर्डांत. सांगलीकर रोज वानलेसवाडीवरून जातात, कितीजणांना हा माणूस कोण ते माहीत असेल?

दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या वेल्लोरचं. आयडा स्कडर ही मिशनरी घराण्यातली मुलगी. तिला भारतात राहायचंच नव्हतं. तिंडीवनमला आईवडिलांकडे आली असताना एका रात्री तीन घरांतून माणसं आली: एक ब्राह्मण, एक मुसलमान, आणि आणखी एक हिंदू. तिघांच्याही बायका अडलेल्या. वडील डॉक्टर होते, पण पुरुष डॉक्टर कुणालाच चालत नव्हता. तिघीही गेल्या. आयडा अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली, 1900 साली परत आली, आणि 1918 साली मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. मद्रासच्या अधिकाऱ्यांना मुली अर्ज करतील याचीच शंका होती. अर्ज आले 151. घेतल्या 17, आणि 1922 साली त्यांतल्या 14 डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

हा पैसा कुठून आला? न्यूयॉर्कच्या एका बँकरने बायकोच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले, त्यातून पहिलं हॉस्पिटल उभं राहिलं. बाकीचा बराचसा पैसा चर्चमधल्या बायकांनी गोळा केलेला. आपल्या दानपेटीसारखाच, एक-दोन डॉलरचा. भांडणंही आपल्यासारखीच: 1947 साली मुलगे घ्यायची वेळ आली तेव्हा अमेरिकेतल्या त्या बायकांपैकी काही जणी जाम नाराज झाल्या. पैसे मुलींसाठी दिले होते ना!

माझी सूचना: एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीची फी आपण उचलावी.

वसंतकाका

शुभदाबाई,

लेख उत्तम. पण गणपतीपुढचे पैसे खर्चताना मिशनऱ्यांचे गोडवे गायचे, हे आमच्या पिढीला जरा जड जातं. आनंदीबाई जोशींची गोष्ट विसरलात? गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागायला पत्र लिहिलं ते वाइल्डर या मिशनऱ्यालाच. उत्तर काय आलं? ख्रिस्ती व्हा, मग बघू. वर हा पत्रव्यवहार त्याने आपल्या मासिकात छापून टाकला. ते मासिक अमेरिकेतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या-बसल्या वाचलं आणि मदतीचा हात पुढे केला, म्हणून पुढचं सगळं झालं. आनंदीबाई हिंदू म्हणून गेल्या, 1886 साली डॉक्टर झाल्या आणि हिंदू म्हणूनच परत आल्या. फुकट काही मिळत नाही, एवढंच म्हणायचं आहे.

आणि शिकवण्यावरच खर्च करायचा तर सेवाग्राम का नाही? 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, सुशीला नायरांनी काढलेलं कॉलेज. मुलं आधी आश्रमात राहतात, खादी घालतात. तिथे कुणी कुणाचा धर्म विचारत नाही.

नीलिमा

वसंतकाका, मध्येच बोलते, नाइट शिफ्टवरून आत्ताच आलेय, चुका पोटात घाला.

माझी थोरली आत्या मिरजेला मिशनमध्ये नर्सिंग शिकली. सकाळी प्रार्थनेला उभं राहावं लागायचं, हे ती सांगायची. आणि गुरुवारी तिचा दत्ताचा उपास असायचा, तेव्हा मेसमधल्या बाई तिच्यासाठी शेंगदाणे-गूळ बाजूला काढून ठेवायच्या, हेही सांगायची. शेवटपर्यंत तिच्या ट्रंकेत ते छातीला लावायचं उलटं घड्याळ होतं. उलटं म्हणजे नर्सने मान खाली घालून बघितलं की तिला सरळ दिसतं. मनगटावर चालत नाही, बाळंतपणात हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. आमच्या गावात कंदिलाच्या उजेडात तिने किती बाळंतपणं केली त्याची मोजदाद नाही. तिचा धर्म कुणी बदलला नाही. सवयी बदलल्या मात्र: हात धुतल्याशिवाय ती बाळाला कुणाला शिवू द्यायची नाही, आजोबांनासुद्धा.

शुभदा

काका, वाइल्डरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि एक गंमत सांगते: कोल्हापूरच्या ज्या मिशनचा पाया याच वाइल्डरने घातला, त्याचंच काम पुढे मिरजेपर्यंत पोचलं. नीलिमाच्या आत्याला शेंगदाणे-गूळ मिळाला तो त्याच झाडाखाली.

अट नसलेला पैसा नसतो, हे तुमचं खरं. म्हणून प्रश्न अट कोणती हा आहे. वाइल्डरची अट शिकायच्या आधीची: तू कोण आहेस ते बदल. वेल्लोरला जी पद्धत रुळली तिची अट शिकून झाल्यावरची. मुलाला किंवा मुलीला एखादी चर्चसंस्था पुरस्कृत करते, आणि डॉक्टर झाल्यावर दोन वर्षं त्या संस्थेच्या आडगावच्या हॉस्पिटलात काम करायचं. त्या जागा बहुतेक ख्रिस्ती मुलांनाच मिळतात, हे खरं आहे आणि ते मला खटकतंच. पण दोन वर्षांची ती कल्पना उचलण्यासारखी आहे. तुमच्या सेवाग्रामनेही पुढे एम.डी.ला प्रवेश हवा तर आधी दोन वर्षं खेड्यात काढायची अट ठेवली होती. क्रॉस असो की चरखा, अट तीच निघाली.

आपलीही तीच ठेवू. जात-धर्म विचारायचा नाही, आरती म्हणायला लावायची नाही, फोटोला उभं करायचं नाही. फक्त पास झाल्यावर दोन वर्षं जिल्ह्याच्या गावाबाहेर.

केदार (खजिनदार)

भावना पोचल्या. आता माझं रडगाणं.

भारतातल्या संस्थेला परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होतो. शिवाय एका संस्थेने घेऊन दुसरीला पुढे द्यायचा, हे आता बंद. म्हणजे "माझ्या मामेभावाच्या ट्रस्टकडे पाठवू, तो देईल" हे विसरा. थेट शिकवणाऱ्या संस्थेलाच द्यावे लागतील, आणि तिची नोंदणी चालू आहे का ते मी स्वतः तपासल्याशिवाय चेकवर सही करणार नाही. इकडे मंडळ चॅरिटी म्हणून नोंदलेलं नाही, त्यामुळे करसवलतीची पावती मागू नका, दरवर्षी सांगतो.

आणखी एक. दोन वर्षं म्हणता, पण मुलगी मध्येच सोडून गेली तर? कोर्टात जाणार आहोत का टोरांटोहून?

नीलिमा

कोर्ट कसलं. ज्या हॉस्पिटलात जाणार तिथे राहायला बरी खोली, आतून कडी लागेल असं दार आणि वेळेवर पगार, एवढं आधी विचारून घ्या. मुली पळतात त्या याच गोष्टींपायी. मीही पळाले होते.

वसंतकाका

हा मुद्दा मसुद्यात पहिला घाला. खोली, कडी, पगार. धर्माचा मुद्दा दुसरा चालेल.

एकच विनंती: शिष्यवृत्तीला नाव द्यायचंच तर देणगीदाराचं नको, आनंदीबाईंचं द्या. वाइल्डरला तेवढं उत्तर द्यायचं राहिलंय.

केदार, पेटीची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, शनिवारी मिसिसागाला आणतो. ती पाचशेची नोट माझी नाही.